वळणावरची थरथर

पेट्रोल पंपावर कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही. तिथे नाकात वास जातो, मागचा हॉर्न वाजवत असतो आणि हवा भरायच्या नळीवरून कुणाचं तरी वाजलेलं असतं. त्यामुळे त्या भुरभुर पावसाच्या सकाळी हातात रिकामा कॅन घेतलेला एक माणूस रांग सोडून तिच्या गाडीसमोर आला आणि दोन्ही हात वर करून “थांबा!” म्हणाला, तेव्हा तिच्या मनात आलं ते एवढंच, की मेला हा आता आपल्या चाकाखाली.

तिने करकचून ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

“मरायचंय का?”

“नाही,” तो म्हणाला. “गाडी पुन्हा एकदा वळवता का?”

“काय?”

“आत्ता आत येताना वळवलीत ना... तशीच. स्टिअरिंग पूर्ण फिरवून, हळू.”

कुणी शहाणी बाई असती तर निघून गेली असती. पण ती जनावरांची डॉक्टर होती. पहाटेपासून एका घोडीच्या पोटदुखीशी झुंजून येत होती, बाह्यांना आयोडिनचा वास होता, केसात गवताची काडी होती. आणि या माणसाचा सूर तिच्या फार ओळखीचा होता. गोठ्यात शिरल्यावर ती स्वतः याच सुरात म्हणायची, “जनावर जरा चालवून दाखवा बघू.”

तिने गाडी वळवली. खालून थर्र थर्र झालं, मग एक हिसका बसला, मागून कुणी धरून ठेवल्यासारखा. तो खाली वाकून, डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते... आणि पापण्या लांब होत्या, हे तिला उगाचच दिसलं.

“कधीपासून होतंय?” त्याने विचारलं.

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“मेकॅनिक. पुलापलीकडे मामांचं गॅरेज आहे.”

“मग हा प्रश्न माझा आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर मी आहे.”

तो हसला. आज इतक्या वर्षांनी त्या दिवसाचं बाकी सगळं धूसर झालं आहे. पंपाचा रंग कोणता होता यावर तर दोघांचं अजून एकमत होत नाही. पण ते हसू तिला जसंच्या तसं आठवतं.

गाडी तिच्या बाबांची होती. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. डोंगरउतारावरच्या गोठ्यांमध्ये जायचं तर साध्या गाडीचं काम नाही, म्हणून त्यांनी चारही चाकांना ताकद जाणारी ही गाडी घेतली होती आणि ती ते चिखलातून, दगडातून, ओढ्यातून लोण्यातून सुरी जावी तशी न्यायचे. “गाडी हात ओळखते,” असं त्यांचं म्हणणं. हिवाळा सरता सरता ते गेले, एका सकाळी, चहाचा कप हातात असताना. गाडी तिच्याकडे आली, त्यांचे रोगी तिच्याकडे आले, आणि थोड्याच दिवसांत गाडी वळणावर थरथरायला लागली.

गाडी हात ओळखते. तिला तो हात नको होता, आणखी काय! हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात पक्कं बसलं होतं. डोंगरावरच्या वस्तीला जाणारी वाट म्हणजे नुसती उलटसुलट वळणं. एका बाजूला दरी. तिथे गाडी हिसका द्यायची तेव्हा तिचे तळहात घामाने भिजायचे. हळूहळू तिने वरची बोलावणी टाळायला सुरुवात केली, आणि टाळताना तिला स्वतःची लाज वाटायची. त्यातच शहरातल्या पशुखाद्याच्या एका कंपनीने प्रयोगशाळेत जागा देऊ केली. एक तारखेपासून. खुर्ची, पंखा, काचेच्या नळ्या. “गाडी नीट झाली तर बघू,” तिने आईला सांगितलं होतं, “नाही तर गाडी विकते आणि जाते.” मोठ्या डॉक्टरांचे गमबूट दाराशी होते, ते आईने पुसून पुन्हा तिथेच ठेवले.

गॅरेज म्हणजे पत्र्याखालची लांबट खोली. भिंतीवर नट आवळायचे पाने लहानमोठ्या भावंडांसारखे रांगेत टांगलेले, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि स्टोव्हशेजारी मोडक्या कारच्या सीटवर बसलेले मामा. गुडघे गेल्यापासून ते गाडीखाली जात नसत. तिथून फक्त बोलत असत, आणि त्यात कुठे कमी पडत नसत.

“पेशंटचं खाणंपिणं?” त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

“वाढलंय. पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त पिते.”

“ताप?”

“लांबचा चढ चढला की खालून जळका वास येतो.”

“सरळ चालताना?”

“अगदी निमूट.”

“आणि वळताना थरथरते...” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “लाजत असेल.”

“जनावर लाजत नाही. त्याला दुखत असतं.”

“बरोबर. चुकलं.” त्याने मान खाली घातली, पण ओठाचा कोपरा हसतच होता. “अलीकडे कुणी काही काम केलंय? काही बदललं?”

“काही नाही.”

“टायर?”

“सगळे एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेत. मी होते बाबांबरोबर.”

त्याने चाकांवर एक नजर टाकली. चारही एकाच कंपनीची, चारही चिखलाने सारखीच माखलेली. मग एक नजर तिच्यावर टाकली. ती जरा लांबली.

“केसात काडी आहे तुमच्या,” तो म्हणाला.

त्या दिवशी तिने गाडी चालवली आणि तो मागे डिकीत, तिच्या दोरांच्या आणि बादल्यांच्या गर्दीत पाय दुमडून बसला. तळवा गाडीच्या तळाला टेकवून थरथर कुठून येते ते चाचपत राहिला. गाभण गाईच्या पोटावर ती जसा हात ठेवते, अगदी तसाच. आरशात तिला तेवढंच दिसत होतं.

“मधे आहे,” तो बाहेर येत म्हणाला. “पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे एक क्लच असतो. वळताना पुढची चाकं जास्त चालतात, मागची कमी. हा मधे बसून थोडं धरतो, थोडं सोडतो. दोघांचं भांडण होऊ देत नाही.”

“म्हणजे मध्यस्थ.”

“हो. मध्यस्थाचं डोकं तापलं की घर हादरतं.”

ऑइल काढलं तर ते काळंकुट्ट, जळक्या वासाचं निघालं. त्याने नवीन भरलं आणि गाडी बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात न्यायला सांगितली. नवीन ऑइल क्लचच्या चकत्यांमध्ये मुरवायचं तर गाडी हळूहळू आठच्या आकड्यात फिरवावी लागते, हा या कामाचा शिरस्ताच आहे.

“आठ काढा,” शेजारच्या सीटवर बसून तो म्हणाला.

“लायसन्स आहे माझ्याकडे.”

“दाखवा की. फोटो कसा आलाय बघतो.”

“भीतिदायक आलाय.”

“मग तर बघायलाच हवा.”

तिने आठ काढले. डावीकडे वळताना तो तिच्याकडे कलायचा, उजवीकडे वळताना ती त्याच्याकडे... बारीक पाऊस, चाकांखाली ओलं गवत, वायपरची एकसुरी ये-जा. थरथर कमी कमी होत गेली आणि थांबली. थांबल्यावरही ते बराच वेळ फिरत राहिले, आणि आता पुरे असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. पुढे कितीदा तरी ओल्या गवताचा वास आला की तिला ते आवार आठवायचं आणि वाटायचं, तेव्हाच बोलून टाकायला काय हरकत होती! पण त्या वयात माणसाला वाटतं, वेळ आपल्या बापाचा आहे.

आठवड्याच्या आतच थरथर परत आली.

मग सुरू झाल्या गॅरेजच्या फेऱ्या. त्याने सांधे तपासले, इंजिनाखालची रबरं बदलली, मागच्या चाकांना ताकद नेणारा लांब दांडा काढून पुन्हा बसवला. ती स्टोव्हजवळ बसून चहा प्यायची आणि त्याचे गाडीखालून बाहेर आलेले पाय बघायची. पायांशी बोलणं सोपं जातं. पायांना तिने घोडीची गोष्ट सांगितली, कॉलेजात पहिल्यांदा सुई टोचताना बैलाऐवजी सरांनाच टोचली होती तीही सांगितली. गाडीखालून हसण्याचा आवाज यायचा आणि हातातून पाना पडायचा.

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला!” मामा गरजले. “अरे, नवीन रबर कशाला? जुन्याला काय झालं होतं?”

“बघतोय मामा.”

“बघतोयस ते दिसतंय मला. कुठे बघतोयस तेही दिसतंय.”

एकदा ती नुसतीच आली. गाडी घरी ठेवून, चालत.

“काही कळलं का, विचारायला आले होते.”

“फोनवर नसतं विचारता आलं?” मामांनी भाबड्या चेहऱ्याने विचारलं. “ताकाला जाऊन भांडं लपवू नये, डॉक्टर. बसा. चहा टाकतो.”

ती कानापर्यंत लाल झाली. पण बसली.

त्याच दिवशी तिने शहरातल्या नोकरीचं सांगितलं. तो एक स्वच्छ पाना आणखी स्वच्छ पुसत होता.

“कधी जायचंय?”

“एक तारखेला. गाडी नीट झाली नाही तर.”

“मग लवकर नीट करायला हवी.”

“हो.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने पाना भिंतीवर टांगला, चुकीच्या खिळ्याला, आणि पुन्हा काढला.

“मला... तुम्ही जाऊ नये असं वाटतं,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “पण त्यासाठी गाडीचं दुखणं सापडत नाही असं खोटं म्हणत बसणार नाही मी. खरंच सापडत नाहीये.”

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी त्याने हात टेकले. गाडी दारात उभी होती. तो पायरीवर बसला होता, कोपरापर्यंत काळा.

“हरलो,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला दाखवा. मोठ्या गॅरेजात न्या.”

ती त्याच्या शेजारी बसली. एवढा हिरमुसलेला चेहरा बघवेना, म्हणून जे आईलाही सांगितलं नव्हतं ते तिने त्याला सांगून टाकलं.

“तुमचा दोष नाही. गाडीत काही बिघाडच नाहीये. ती बाबांची होती. तिला माझा हात चालत नाही.”

“काय?”

“गाडी हात ओळखते म्हणायचे ते.”

“यंत्र आहे ते!” तो एकदम चिडला. “यंत्र हात ओळखत नाही, रुसत नाही. त्याला काहीतरी झालेलं असतं आणि ते मला सापडत नाहीये, एवढंच. बाबा चालवायचे तेव्हा थरथरायची?”

“कधीच नाही.”

“शेवटची कधी चालवली त्यांनी?”

तिला ते आठवायचं नव्हतं. पण त्याने विचारलं, आणि तो ऐकत होता.

“आदल्याच दिवशी. वरच्या वस्तीवर गेलो होतो आम्ही. परतताना खिळा घुसला. अवकाळी पाऊस होता. मी उतरायला लागले तर म्हणाले, तू बस आत, भिजशील. एकटेच चाक बदलत होते आणि मोठमोठ्याने गात होते... इतके बेसूर गायचे ते. मी काच वर केली. ऐकायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी...”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू, दुखऱ्या जागी हात लावावा तसं त्याने विचारलं, “चाक बदललं?”

“हो.”

“मी विचारलं होतं, काही बदललं का.”

“चाक म्हणजे काय बदलणं? पंक्चर तर...” आणि तिचीच जीभ चावली गेली. रोग्यांचे मालक सगळं सांगतात, नेमकी एक गोष्ट सांगत नाहीत, म्हणून ती किती जणांवर डाफरली होती!

तो उठला. पाण्याची नळी ओढून त्याने चारही चाकं धुतली. चिखल वाहून गेला. तीन टायरांच्या नक्षीचे खाचे उथळ, गुळगुळीत झालेले. चौथ्याचे खोल, टोकदार, नव्यासारखे. तरी त्याने खडूने प्रत्येक चाकावर अगदी खाली, जमिनीला टेकेल तिथे खूण केली. मग दोघांनी मिळून गाडी ढकलली, दारातून पार रस्त्यापर्यंत. तिन्हींच्या खुणा बरोबर खाली येऊन टेकल्या. चौथ्याची खूण मागे राहिली होती, वीतभर.

“पाच टायर घेतले होते ना त्या दिवशी?”

“हो. पाच.”

“चार रस्त्यावर झिजले. पाचवा डिकीत झोपून राहिला. हे चाक बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. त्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा त्या क्लचला वाटतं, गाडी वळतेच आहे. बिचाऱ्याला एक क्षण विश्रांती नाही. आणि खरंच वळलात की मग सोसत नाही त्याला.”

“चारही चाकांना ताकद जाणारी गाडी आली की आधी चारही टायरांचा घेर मोजायचा, मग हत्याराला हात लावायचा!” आतून मामा ओरडले. “काय शिकवलं होतं रे मी तुला?”

“चुकलं मामा.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर!”

तिने मामांचं काही ऐकलं नाही. ती त्या चाकापुढे उकिडवी बसली होती.

“म्हणजे माझा हात नव्हता?”

“तुमचा हात?” तो तिच्याजवळ बसला. “इतक्या वाईट गाडीने त्या वळणांवरून जात होतात तुम्ही, आणि एकदाही घसरली नाही. हात चांगला आहे तुमचा. हे चाक तुमच्या बाबांचं आहे.”

“ते नेहमी म्हणायचे, पंक्चर काढून घ्यायचं आणि जुनं चाक आठवड्याच्या आत परत लावायचं,” ती म्हणाली. “त्यांना आठवडा मिळाला नाही.”

आणि ती रडली. बाबा गेल्यावर रडली नव्हती तेवढी सगळी, ओल्या रस्त्याच्या कडेला, एका टायरवर कपाळ टेकून. हात काळे होते म्हणून त्याने तिच्या पाठीवर ठेवले नाहीत. नुसता जवळ बसून राहिला. मामांनी स्टोव्ह मोठा केला.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “आज राहू दे हवं तर. ज्या दिवशी तुम्हाला वाटेल...”

त्याला कळलं होतं. या चाकाचे नट शेवटचे आवळले होते ते बाबांनी.

तिने डोळे पुसले. “पाना द्या.”

नट हलेनात. बाबांनी पान्यावर उभं राहून आवळले असणार. तशी त्यांची सवयच होती. शेवटी तीही पान्यावर उभी राहिली, आणि तोल जाऊ नये म्हणून त्याने तिचा दंड धरला. कर्र असा आवाज झाला आणि पहिला नट सुटला. तिला वाटलं होतं, फार दुखेल. दुखलं. पण श्वासही मोकळा झाला.

जुनं चाक डिकीच्या तळाशी होतं, दोरांच्या आणि बादल्यांच्या खाली, खिळ्यासकट. त्याने खिळा उपसला, भोक बुजवलं, हवा भरली. चाक बाकीच्या तिघांशी जवळजवळ बरोबर जुळलं. ऑइल पुन्हा नवं भरलं. संध्याकाळचं ऊन ढगांच्या फटीतून आलं तेव्हा तिने गाडी गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत नेऊन स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, डावीकडे आणि उजवीकडे.

काही नाही. नुसती चाकांखालची खडी वाजली.

“झालं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडावर जे होतं त्याला आनंद म्हणणं अवघड होतं.

“गाडी नीट झाल्यावर सुतकात गेलेला मेकॅनिक पहिल्यांदा बघतोय,” मामा म्हणाले.

तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. वरच्या वस्तीवरची आजी. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता, आणि दुसरे डॉक्टर मिळत नव्हते.

“येते,” ती म्हणाली. एक क्षणही न थांबता. मग त्याच्याकडे वळली. “मला ओढायला एक माणूस लागेल.”

“हात काळे आहेत माझे.”

“वर साबण आहे.”

गाडी वाट चढू लागली. पहिलं वळण आलं, मग दुसरं, मग ते दरीच्या काठचं. गाडी वळली, पाण्यासारखी. तिचे तळहात कोरडे होते. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता आणि खालचा ओठ दातात धरून होता.

गोठ्यात तिने बाह्या वर सारल्या आणि ती वेगळीच बाई झाली. खांद्यापर्यंत हात आत घालून तिने वासराचा मुडपलेला पाय शोधला, वळवला, दोर बांधला. “आता ओढा... हळू... थांबा. गाय कळ देईल तेव्हा. आता!” तो तिच्या शब्दाशब्दावर ओढत होता, थांबत होता. गाडीखाली ज्याला सगळं कळायचं त्याला इथे ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. वासरू बाहेर आलं, ओलंचिंब, गप्प. तिने नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, गवताच्या काडीने नाकात गुदगुल्या केल्या. वासरू शिंकलं. आजी मटकन खाली बसली आणि हसायला लागली.

मग गरम पाणी आलं. ती हात धूत असताना आजीने विचारलं, “डॉक्टर, तुम्ही शहरात चाललात म्हणे? मोठे डॉक्टर गेले, आता तुम्हीही...”

“कुणी सांगितलं?” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात येऊन तपासेन हिला. आणि वासराचे जंत काढायचे असतील तेव्हाही येईन. आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी लस टोचायला. आता वरच्या वस्तीवर फेरी चुकणार नाही माझी.”

तो दोर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

“बरं झालं बाई,” आजी म्हणाली आणि तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत काळा, ओला, दोरात गुरफटलेला. “आणि हे कोण? नवीन कंपाउंडर ठेवलात का?”

तिने टॉवेलने एकेक बोट पुसलं. त्या दिवशी ती बऱ्याच गोष्टींना घाबरली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “आमच्या घरचेच समजा.”

वासरू पहिल्यांदा उभं राहायला बघत होतं आणि त्याचे चारही पाय चार दिशांना जात होते. दोर टाकून तो पुढे आला.

“समजा कशाला?” तो म्हणाला. “आहेच की.”